वाढत्या अंगाची लाट

टिंगी तीन वर्षांची होती आणि जेवायची ती फोनकडे बघून. फोनमध्ये एक निळा हत्ती नाचायचा, टिंगीचं तोंड अचंब्याने उघडं पडायचं, आणि त्या फटीतून तिची आई घास आत सरकवायची. याला घरात जेवण म्हणत. आपण काय खातोय हे टिंगीला ठाऊक नसायचं, हत्तीला तर नसायचंच. एकदा हत्ती मध्येच थांबून साबणाची जाहिरात लागली, तेव्हा टिंगीने तोंडातला घास बाहेर काढून नीट पाहिला आणि विचारलं, "हे कोणी ठेवलं?"

त्या दिवशी टिंगीच्या आईने प्रतिज्ञा केली. मनातल्या मनात केली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण तिने ती बोलून दाखवली, आणि तीही फोनवर, सासूबाईंना.

"आई, आजपासून आमच्याकडे फोन बघत जेवणं बंद."

पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "बरं."

ज्यांना सासूबाई आहेत त्यांना या 'बरं'ची लांबीरुंदी सांगायला नको.

प्रतिज्ञा तडीस नेली ती शेटजींनी. शेटजी म्हणजे एक सोनेरी मासा. पोट गरगरीत, गाल फुगलेले, शेपटी मागे धोतराच्या सोग्यासारखी सुटलेली. टिंगीच्या बाबाने तो एका लहानशा काचेच्या टाकीत घालून घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि टिंगी हत्तीला विसरली. शेटजी वर येऊन एक दाणा मटकावायचे, की टिंगी आपणहून आ करायची. एक दाणा शेटजींना, एक घास टिंगीला. आठवडाभरात ताट रिकामं व्हायला लागलं. टिंगीच्या आईने ही बातमी सासूबाईंना कळवली, आणि कळवताना आवाजात विजयाचा सूर येऊ नये म्हणून घेतलेली काळजी जरा कमी पडली.

"अगं बाई, हो का," सासूबाई म्हणाल्या. "मग पुढच्या रविवारी येतेच. बघू तरी."

आता सगळं सुरळीत चाललेलं असताना माणसाने हात जोडून स्वस्थ बसावं. पण या घराची एक रीत होती. या घरात कुठलीही वस्तू मापाची घेत नसत. वाढत्या अंगाची घेत. टिंगीचा फ्रॉक घोट्यापर्यंत यायचा, बुटांत पुढे कापूस असायचा. ती वाढत होती, तेव्हा ते एकवेळ ठीक. पण बाबाने लग्नात घेतलेला कोटही 'पुढे अंग भरेल' या हिशोबाने घेतलेला होता. बाबाचं अंग काही भरलं नाही. प्रत्येक समारंभात तो त्या कोटात पाहुणा आल्यासारखा वावरायचा. कुकर असा होता की त्यात तिघांचा भात तळाशी कुठेतरी सापडायचा.

तेव्हा सासूबाई येणार म्हटल्यावर टिंगीच्या आईच्या मनात आलं की शेटजींची टाकी फारच लहान दिसते. बघणाऱ्याला वाटायचं, यांनी मासा दाटीवाटीने ठेवलाय. शिवाय तो वाढणार. म्हणून नवी टाकी आली. ती घरात आणताना दाराची एक फळी काढावी लागली यावरून काय ते समजावं. बाबाने तिच्या काठावर सपाटी तपासायची लेव्हलची नळी ठेवून बुडबुडा अगदी मध्यावर आणला. विमा कंपनीत कारकुनी करणाऱ्या या माणसाचं बुडबुड्यावर फार प्रेम होतं. घरातली एकही वस्तू त्याने त्याशिवाय ठेवलेली नव्हती.

शेटजींना नव्या टाकीत सोडलं. त्यांनी एकदा चहूकडे पाहिलं आणि ते पार लांबच्या कोपऱ्यात, मोठ्या दगडाच्या मागे जाऊन बसले. दाणे टाकले ते या टोकाला पडले. पाणी जागचं हलेना. दाणे तळाशी बसून फुगले आणि शेटजी तिकडे उपाशी.

टिंगीने काचेला नाक लावून सगळं पाहिलं. आईने घास पुढे केला.

"शेटजी जेवले नाहीत," टिंगी म्हणाली आणि तोंड बंद केलं. ते संध्याकाळीही उघडलं नाही.

टिंगीची आई दुकानात धावली. माशांच्या दुकानाचा मालक गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून बोलणारा होता. बसल्या जागी तो नदी, समुद्र, भरती-ओहोटी सगळं करून यायचा.

"पाणी फिरत नाही तुमचं," तो म्हणाला. "कोपरे मेलेत. वेव्हमेकर लावा."

वेव्हमेकर म्हणजे मुठीएवढा पंखा. लोहचुंबकाने काचेला आतून चिकटतो आणि पाण्याला ढकलत राहतो. मालकाने खोकी मांडली. प्रत्येकावर लिहिलेलं, एवढ्या टाकीला एवढा. टिंगीच्या आईने आपल्या टाकीचं खोकं बरोबर ओळखलं, हातात घेतलं, आणि मग तिची नजर त्याच्या शेजारच्या खोक्यावर गेली. त्याच्यावर प्रवाळाचं चित्र होतं.

"हा याच्यापेक्षा मोठा?"

"तो समुद्राच्या टाकीला लागतो. प्रवाळाला धक्के आवडतात."

"पण याचा जोर कमी-जास्त होतो ना?"

"वायरीवर बटण आहे. एकपासून आठपर्यंत."

"मग मोठाच द्या," टिंगीची आई म्हणाली. "पुढे लागेल."

टाकीत मासा कुठला, हे मालकाने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दोघांचंही लक्ष वेव्हमेकरवर होतं.

घरी बाबाने खोकं पाहिलं, त्यावरचं प्रवाळ पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला आणि काही बोलला नाही. त्याने फक्त लेव्हलची नळी आणली. पंखा आडव्या काचेच्या मधोमध, बरोबर निम्म्या उंचीवर चिकटवला. बटण आधीच आठवर होतं. बघून घ्यावं, हे कोणालाही सुचलं नाही.

चालू केल्याबरोबर शेटजी दगडामागून निघाले. पोहत निघाले असं म्हणता यायचं नाही. पाठमोरे निघाले. टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाला, मग वर, मग उलटे होऊन खाली, पोट आधी आणि चेहरा नंतर. त्यांच्यापाठोपाठ दाणे, दोन पानं आणि थोडी वाळू.

"परत," टिंगी टाळ्या वाजवत म्हणाली. तिचं तोंड आनंदाने एवढं उघडलं होतं की आईने संधी साधून घास पुढे नेला. तोंड मिटलं. "शेटजी जेवत नाहीयेत. खेळतायत."

बटण एकवर आणलं. शेटजी आता गटांगळ्या खात नव्हते, पण ते समोरच्या काचेला गालासकट चिकटले होते. बसच्या काचेला चिकटलेल्या प्रवाशासारखे ते घरात बघत राहिले. त्या नजरेत तक्रार नव्हती. तक्रारीपलीकडे गेलेलं काहीतरी होतं.

इतक्यात खालचे काका वर आले. हे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले होते आणि इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. या दोन्ही गोष्टी एका माणसात असल्याने घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच एक सोय केली होती. शेजारी म्हणून यायचे तेव्हा बनियनवर यायचे. सेक्रेटरी म्हणून यायचे तेव्हा वर शर्ट घालायचे, वरच्या बटणासकट.

आत्ता ते बनियनवर होते.

"पोरी, जागा चुकली," त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारून सांगितलं. "पाण्याला खालून उचलायचं असतं. जन्मभर तेच केलंय मी. तळाशी लाव."

तळाशी लावला. टाकीतली सगळी वाळू उठली आणि समोरचं दिसेनासं झालं. मधूनच शेटजींची शेपटी दिसायची, मग तीही नाही.

"बरोबर," काका म्हणाले, "गाळ निघाला. आता वर लाव आणि तोंड वर कर. म्हणजे प्रेशर सुटेल."

प्रेशर सुटलं. ते काकांच्या चष्म्यावर, भिंतीवरच्या घड्याळावर आणि टिंगीच्या ताटात सुटलं. टिंगीने ताटाकडे पाहून ते लांब सारलं. आता त्या जेवणाला न जेवण्याचं अधिकृत कारण होतं.

"हे बघ," काका चष्मा पुसत म्हणाले, "सतत मारा नको. थांबून थांबून पाहिजे. याला तशी सोय असेल."

होती. बटण आत दाबलं की पंखा क्षणभर ढकलायचा, क्षणभर थांबायचा. पाणी एकदा इकडे, एकदा तिकडे हलायला लागलं. सगळ्यांना ते फार आवडलं. शेटजीही इकडून तिकडे, तिकडून इकडे डुलायला लागले. टिंगी डुलली. काका समाधानाने खाली गेले. टिंगीची आई स्वयंपाकघरात गेली आणि मनातल्या मनात सासूबाईंना म्हणाली, या आता.

झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का दिला की तो काय करतो, हे टिंगीला बागेत घेऊन जाणाऱ्या तिच्या आईला ठाऊक असायला हवं होतं. पाणी तेच करत होतं. दर हेलकाव्याला थोडं वर, थोडं आणखी वर. ती बाहेर आली तेव्हा टाकीतलं पाणी एका बाजूने काठापर्यंत चढून आरामात बाहेर पाय टाकत होतं, जमिनीवर पसरत होतं, आणि भिंतीतल्या पाइपाच्या भोकातून खाली चाललं होतं. खाली म्हणजे काकांकडे.

दारावरची बेल वाजली. काका शर्ट घालून आले होते. वरचं बटण लावलेलं होतं. डोक्यावरचे केस ओले होते.

"मॅडम," ते म्हणाले.

'पोरी'वरून 'मॅडम'वर यायला काकांना एक जिना पुरला होता.

"मॅडम, माझ्या छतातून पाणी येतंय. आपण घरात यांत्रिक उपकरण बसवताना सोसायटीची परवानगी घेतली होती का?"

"काका, तुम्हीच तर सांगितलंत कसं लावायचं."

"ते शेजाऱ्याने सांगितलं. सोसायटीला त्याची कल्पना नाही." काकांनी कपाळावरून ओघळणारा थेंब टिपला. "अर्ज करा. समितीची बैठक झाली की निर्णय कळवू. तोपर्यंत उपकरण बंद ठेवा."

"बैठक कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"अर्जात काय लिहायचं असतं?"

काका घुटमळले. असा अर्ज यापूर्वी कोणी केला नव्हता. मग त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "थांब पोरी, मी सांगतो. 'सविनय विनंती की' असं सुरू कर." त्यांनी तिला अख्खा अर्ज तोंडी घातला, तिने तो लिहिला, त्यांनी तो वाचून 'छान झालाय' म्हटलं, बटणं लावली आणि तो नामंजूर केला. मोजमापं दिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पंखा घेऊन दुकानात गेली. मालकाने तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

"परत घेता येणार नाही. पाण्यात घातलेला आहे."

"तो पाण्यातच घालायचा असतो ना?"

"हो. पण मग परत घेता येत नाही."

या उत्तरात काही चूक काढता येईना, म्हणून ती अपमान गिळून घरी आली. वाटेत तिने ठरवलं की वेव्हमेकर गेला खड्ड्यात, रविवारी टिंगीला आपण जेववून दाखवायचं. त्यात काय आहे. आई आहोत आपण.

रविवारी सासूबाई आल्या. त्यांनी टाकी पाहिली, निघालेली दाराची फळी पाहिली, भिंतीवरचे पाण्याचे डाग पाहिले.

"मोठी आहे," त्या म्हणाल्या. कशाबद्दल ते स्पष्ट केलं नाही.

टिंगीचं ताट वाढलं. शेटजी दगडामागे. टिंगीची आई एका हातात वाटी, एका हातात चमचा घेऊन पुढे झाली आणि जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. चिऊचा घास झाला, काऊचा घास झाला. विमान झालं, आगगाडी झाली, आगगाडीत बसलेले सगळे नातेवाईक झाले. टिंगी खुर्चीवरून उतरली. आई मागे. टिंगी टेबलाखालून गेली. आई टेबलाला वळसा घालून पुढे आली. "एकच, माझ्या राणीचा एकच, आ कर, आ, आ, आजी बघतेय, हा बघ हा, हा शेवटचा, हा शेवटचाच्या आधीचा." टिंगी मागे मागे सरत फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरली आणि तिथे पाठ लावून, गाल फुगवून, तोंड घट्ट मिटून उभी राहिली.

टिंगीच्या आईचा चमचा हवेतच थांबला. हा चेहरा तिने कुठेतरी पाहिला होता. फुगलेले गाल, गोल डोळे, मागे सुटलेला लांबलचक फ्रॉक. तिने वळून टाकीकडे पाहिलं. दगडामागून शेटजी तसेच बघत होते.

ती चमचा वाटीत ठेवून मटकन खुर्चीवर बसली. सासूबाई आता काहीतरी म्हणतील याची ती वाट बघत होती. डोळे भरून आले होते, पण सासूबाईंसमोर नको म्हणून ती छताकडे बघत राहिली.

सासूबाई उठल्या आणि तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"या तुझ्या नवऱ्याला," त्या म्हणाल्या, "मी बसस्टॉपवर नेऊन जेवायला घालायचे."

"आई," बाबा दारातून म्हणाला.

"गप रे. लाल बस आली की एक घास. पिवळी आली की तोंड बंद. संपाच्या दिवशी हा दिवसभर उपाशी. मला वाटलं तू फोन बंद केलास तो जमला कसा, ते बघून यावं. मला तर जमलं नव्हतं काही."

टिंगीची आई छताकडे बघायची थांबली. "म्हणून आलात?"

"मग काय परीक्षा घ्यायला?"

यावर खरं उत्तर देणं बरं दिसलं नसतं. फटीतून टिंगीचा आवाज आला.

"शेटजींना हळू पाहिजे."

"काय गं?"

"तो पंखा नको. जोरात भरवतो. हळू पाहिजे."

बाबा खाकरला. मग तो आत गेला आणि आपली ऑफिसची बॅग घेऊन आला. डब्याच्या मागून त्याने एक खोकं काढलं. तेच, टाकीच्या मापाचं.

"हे कधी आणलंस?"

"मोठा आणलास त्याच दिवशी."

"आणि बोलला नाहीस?"

"मोठा चालू होता तेव्हा," बाबा म्हणाला. "ऐकू आलं नसतं."

टिंगीच्या आईने त्याच्याकडे पाहिलं. रागावावं असं बरंच काही होतं, पण तो त्या खोक्यासकट असा उभा होता, की पुन्हा त्या लग्नाच्या कोटात उभा आहे असं वाटत होतं. ती हसली. मग तिला ते हसू आवरेना.

"तो बुडबुडा आणू नकोस आता," ती म्हणाली. "आधी बघू पाणी जातं कुठे."

पाणी कुठे जातं ते नुसतं बघून कळत नाही. ती टिंगीच्या केसांची जुनी रिबीन घेऊन आली, तिचे तुकडे केले आणि चमच्यांच्या दांड्यांना बांधले. एक चमचा सासूबाईंच्या हातात, एक बाबाच्या, एक स्वतःच्या. तिघं टाकीच्या तीन कोपऱ्यांत चमचे बुडवून उभे राहिले. छोटा पंखा त्यांनी आधी समोर धरला. सासूबाईंची रिबीन आडवी झाली, बाबाची लोंबत राहिली.

"माझ्याकडे काही नाही," बाबा म्हणाला.

"तुझ्याकडे कधी असतं," सासूबाई म्हणाल्या. "जरा वर घे गं. आणखी वर. आता तोंड तिकडच्या काचेकडे कर, माशाकडे नको."

पंखा टाकीच्या आखूड बाजूला, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली गेला. तोंड किंचित वर, लांबच्या काचेकडे. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. पाणी वरून निघून काचेपर्यंत जायचं, तिथे हळूच वळायचं आणि तळातून परत यायचं. तिन्ही रिबिनी थोड्या थोड्या हलायला लागल्या, आडवी कोणतीच झाली नाही.

बेल वाजली. दार उघडंच होतं. काका होते. अंगात शर्ट होता, पण बटण एकही लावलेलं नव्हतं. आपण कोण म्हणून आलो आहोत हे ठरवत ते जिना चढले असावेत.

"पुन्हा चालू केलंत?" त्यांनी विचारलं, आणि मग टाकीत चमचे बुडवून उभ्या असलेल्या तिघांकडे पाहिलं. "हे काय?"

"काका, चौथा कोपरा रिकामा आहे," टिंगीची आई म्हणाली आणि रिबीन बांधलेला आणखी एक चमचा त्यांच्यापुढे केला.

काकांनी चमचा बघितला, टाकी बघितली, खाली आपल्या छताकडे जाणारं पाइपाचं भोक बघितलं. मग त्यांनी शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"ही मुळात शेजाऱ्याचीच बाब आहे," ते म्हणाले आणि चमचा बुडवला. "इकडेही हलतंय, पोरी."

टिंगीने फटीतून बाहेर येऊन दाणे टाकले. ते पाण्याच्या वरून चालत गेले, पलीकडच्या काचेपाशी बुडाले आणि तळातून डुलत डुलत, घाई न करता, दगडापाशी आले. शेटजींच्या तोंडासमोरून एक दाणा गेला. शेटजींनी तो जाऊ दिला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी मान थोडी पुढे केली, आणि तो गट्ट झाला. मग ते शेपटीचा सोगा सावरत दगडामागून बाहेर आले.

टिंगी आपल्या खुर्चीवर चढून बसली आणि तिने ताट जवळ ओढलं. आईचा हात चमच्याकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. टिंगीने आपल्या हाताने एक घास उचलला, निम्मा फ्रॉकवर सांडला, निम्मा तोंडात घातला.

"अगं बघा, बघा, खाल्लं," टिंगीची आई म्हणाली. तिला राहवलंच नाही. "शाब्बास माझी राणी, आता अजून एक, मोठा घे, तो बघ शेटजींनी कसा घेतला, आ कर, आणखी मोठा आ कर..."

टिंगीने चावायचं थांबवलं. मोठ्या पंख्याचं बटण, वायर काढून टाकल्यापासून, तिच्या खेळण्यांत आलं होतं. ते तिने मांडीवरून उचललं, आईच्या दिशेने धरलं, आणि दोन बोटांनी काळजीपूर्वक फिरवलं.

"अगं, बंदच कर की," सासूबाई हसू दाबत म्हणाल्या.

"बंद नको," टिंगी म्हणाली. "एकवर."

टिंगीची आई एकवर आली. ती हाताची घडी घालून लेकीशेजारी बसली. काकांनी हळूच शर्टाच्या खिशातून तो नामंजूर अर्ज काढला आणि टाकीतून सांडलेले दोन थेंब त्याच कागदाने पुसून घेतले. बाबाने लेव्हलची नळी आणून टाकीवर ठेवली आणि बुडबुडा कुठे आहे ते न बघता परत उचलली. शेटजी एक दाणा घेत होते, टिंगी एक घास घेत होती, आणि ताट संपेपर्यंत बटणाला पुन्हा हात लावायची तिला गरज पडली नाही.